पेटी उघडता येऊ द्या

प्रति,
वैयक्तिक संगणक आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांचे प्रमुख, आणि पुढच्या यंत्राचा आराखडा ज्यांच्या टेबलावर सध्या पसरलेला आहे ते सगळे अभियंते

सप्रेम नमस्कार.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यात माझं संगणक दुरुस्तीचं आणि डीटीपीचं दुकान आहे. 1999 पासून चालवतोय. तुम्ही बनवलेली यंत्रं तुमच्या कारखान्यातून निघून दोन-चार वर्षांनी माझ्यासारख्याच्या टेबलावर येतात, तेव्हा तुमच्यापैकी कुणीच तिथे नसतं. मी असतो आणि ज्याचं यंत्र आहे तो असतो. म्हणून हे पत्र.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी एक मुलगी वडिलांना घेऊन आली. दहावी झाल्यावर तिला डिप्लोमाला प्रवेश मिळाला, म्हणून वडिलांनी कापसाच्या पैशातून लॅपटॉप घेऊन दिला होता. वॉरंटी संपून वर्ष झालेलं. ब्राउझरच्या चार खिडक्या उघडल्या आणि सोबत कॉलेजचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर लावलं की यंत्र जागच्या जागी थिजायचं. मेमरी 4 जीबी. ती म्हणाली, "काका, रॅम वाढवून द्या." मलाही ते सोपं काम वाटलं. खालचे अकरा स्क्रू काढले, त्यातले दोन रबराच्या पायांखाली दडवलेले. जुन्या एटीएम कार्डाने कड सोडवली आणि बेस उचलला.

आत रॅमची पट्टी नव्हती. चार काळ्या चिप्स थेट बोर्डावर डागलेल्या होत्या, आम्ही ज्याला ऑनबोर्ड म्हणतो तशा. आणि त्यांच्या शेजारीच स्लॉटची जागा होती. 260 बारीक चंदेरी टिकल्या, दोन ओळींत, अगदी नीट छापलेल्या. फक्त स्लॉट बसवलेला नव्हता. वडील वाकून बघत होते. त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "भाऊ, जागा तं दिसते. बसवून टाका ना. किती लागतीन?"

त्यांना मी काय सांगणार? नुसता स्लॉट डागून भागत नाही. त्याच्या आजूबाजूचे साबुदाण्याहून लहान रेझिस्टर, कपॅसिटरही तिथे नसतात, आणि बायोसला, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला, त्या जागेची ओळख नसते. बोर्डाचा नकाशा असता तर मी प्रयत्न केला असता. नकाशा तुम्ही देत नाही. ते काहीच बोलले नाहीत, मुलीने लॅपटॉप पिशवीत घातला. मी पैसे घेतले नाहीत. पण बोर्डावर आखून ठेवलेली ती रिकामी जागा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

पुढच्या पिढीचा संगणक कसा असावा, असं कुणी आम्हाला विचारलं, तर माझं पहिलं मागणं हेच आहे: पेटी उघडता येऊ द्या. आत जे झिजतं, मरतं किंवा अपुरं पडतं, ते बदलता येऊ द्या. बाकी सगळं त्यानंतर.

हे मागणं नवं नाही. हा धंदा उभाच त्याच्यावर राहिला. 12 ऑगस्ट 1981 ला आयबीएमने आपला पहिला पीसी जाहीर केला, तेव्हा त्यात 4.77 मेगाहर्ट्झचा इंटेल 8088 होता, सुरुवातीची मेमरी 16 केबी होती, आणि जास्तीची कार्डं बसवायला पाच स्लॉट होते. त्या यंत्राची तांत्रिक पुस्तिका विकत मिळायची. तिच्यात सर्किटचे नकाशे छापलेले होते, बायोसचा मजकूरही ओळीनं ओळ छापलेला होता. ज्याला वाचता येतं त्याने वाचावं. त्याच मोकळेपणातून जगभर कार्डं बनवणारे, सुटे भाग जोडणारे तयार झाले. नागपूरहून पार्ट आणून मी पहिला असेंबल्ड पीसी जोडला, तो याच परंपरेतला. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसल्या की मेलेलं यंत्र उठून बसायचं. शाळेतलं पोरगंही ते शिकायचं. बोर्डावर डागलेल्या चिपला खोडरबर लावता येत नाही.

आणि एक गोष्ट तुमच्यातल्या अनेकांना ठाऊक नसेल. संगणकाच्या पडद्यावर मराठी आली, तीसुद्धा अशाच एका मोकळ्या स्लॉटमधून. आयआयटी कानपूरला भारतीय लिप्यांवर जे काम सुरू झालं होतं, ते पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने पुढे नेलं आणि त्यातून जिस्ट कार्ड आलं. विंडोजच्या आधीच्या, डॉसच्या काळातल्या साध्या पीसीच्या स्लॉटमध्ये ते कार्ड खोचलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी उमटायची. मूळ यंत्र बनवणाऱ्याने मराठीचा विचार केलेला नव्हता. त्याला तो करावाही लागला नाही, कारण त्याने दार उघडं ठेवलं होतं. आमची भाषा आमच्या माणसांनी आत नेली. आज डागलेल्या, चिकटवलेल्या, बंद पेटीत असं काही करायला जागा कुठे आहे?

तुमची बाजू मला कळते. लॅपटॉप पातळ हवा, बॅटरी दिवसभर टिकायला हवी, आणि कमी वीज खाणारी मेमरी प्रोसेसरच्या अगदी जवळ असावी लागते, तार लांबली की वेग पडतो. हे खरं आहे. पण याचं उत्तरही तुमच्याच क्षेत्रातल्या माणसांनी शोधलं आहे. एलपीकॅम-2 नावाची, स्क्रूने बसणारी, कमी विजेची मेमरी आली, आणि 2024 मध्ये ती लेनोव्होच्या थिंकपॅड पी-1 मध्ये बसलीसुद्धा. त्याच वर्षी थिंकपॅड टी-14 ला दुरुस्तीच्या सोयीसाठी आयफिक्सिटने, म्हणजे यंत्रं उघडून तपासणाऱ्या कंपनीने, 10 पैकी 9 गुण दिले. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस लॅपटॉपची गोष्ट तर प्रत्येक डिझायनरने भिंतीवर लावावी अशी आहे. 2017 मध्ये पहिल्या मॉडेलला 10 पैकी 0 मिळाला होता, कारण ते तोडल्याशिवाय उघडतच नव्हतं. 2024 च्या मॉडेलला 8 मिळाले. आत कुठे कोणता स्क्रू आहे, हेसुद्धा छापलेलं. सात वर्षांत हे जमलं. म्हणजे जमतं. माझं म्हणणं एवढंच, की ही सोय महागड्या मॉडेलांपुरती ठेवू नका. ज्याने कापूस विकून लॅपटॉप घेतला, त्याच्याच यंत्रात ती आधी हवी. त्याला चार वर्षांत दुसरा घेणं परवडत नाही.

आता उन्हाचं सांगतो.

आमच्याकडे मे महिन्यात पारा 45-46 वर जाणं नवलाचं नाही. तुमच्या बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान 35 अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. 35 अंश आमच्याकडे मार्चमध्येच ओलांडतात! लिथियमची बॅटरी साधारण 45 अंशांच्या पुढे चार्ज करू नये असं असतं, आणि दुपारी दोन वाजता पत्र्याखालच्या खोलीत, गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपच्या आत किती होत असेल, याचा अंदाज तुम्ही करा. मे-जूनमध्ये माझ्याकडे फुगलेल्या बॅटऱ्यांची रांग लागते. गिऱ्हाईक म्हणतं, "टचपॅड वर आलं, क्लिक होत नाही." बघितलं तर खालून बॅटरी पापडासारखी फुगून टचपॅडला ढकलत असते. ती चिकटवलेली असली तर मी दोऱ्याने आणि स्पिरिटच्या थेंबांनी एकेक इंच सोडवतो, शेजारी वाळूची बादली ठेवून. पातं लागलं तर पेट घेते. हे काम करताना मी दुकानातल्या पोराला बाहेर उभं करतो. चार स्क्रू आणि एक कनेक्टर एवढ्यावर बॅटरी बसवली असती, तर हा जीवघेणा अर्धा तास लागलाच नसता.

म्हणून विनंती: पुढचं यंत्र वातानुकूलित प्रयोगशाळेत तपासून झालं की एकदा विदर्भातल्या मे महिन्यात तपासा. ब्लोअरची जाळी बाहेरून काढून धुता येईल अशी करा. कापसाचं तूस आणि कोळशाची धूळ मिळून उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीट सिंकवर जो नमदा जमतो, तो काढायला आज सगळं यंत्र सोडवावं लागतं. बिजागरीचे पितळी नट ज्या प्लॅस्टिकमध्ये रोवता, ते प्लॅस्टिक जरा जाड घ्या. दोन ग्रॅम वजन वाढेल. आज ते नट उपटून आले की मी ॲराल्डाइट भरतो, आणि गिऱ्हाइकाला सांगतो की झाकण हळू उघडा. कीबोर्ड सी-पॅनलला, म्हणजे त्याच्याभोवतीच्या वरच्या झाकणाला, वितळवून ठोकू नका. चहा सांडला तर एक कीबोर्ड बदलावा, अख्खं पॅनल नाही. चार्जरचं म्हणाल तर माझ्या खोक्यात पिनांचे चौदा नमुने आहेत, आणि काहींत मधली बारीक पिन वाकली की लॅपटॉप चार्जरला ओळखतच नाही, चांगली बॅटरी उपाशी राहते. युरोपीय महासंघाने एकच टाइप-सी चार्जर लॅपटॉपलाही सक्तीचा केला आणि त्यासाठी 28 एप्रिल 2026 ही तारीख ठरवली. तीच सोय आमच्याकडच्या स्वस्त मॉडेललाही द्या.

सुटे भाग आणि नकाशे यांबद्दल वेगळं लिहायला हवं. बोर्ड डेड आला की पहिला प्रश्न असतो: कुठल्या लाइनवर शॉर्ट आहे? नकाशा असेल तर मल्टिमीटर घेऊन वीस मिनिटांत सांगता येतं, आणि पुष्कळदा एक छोटा कपॅसिटर काढला की यंत्र उठतं. नकाशा नसेल तर अंदाज, तासन् तास. आज आम्ही कुठून कुठून आलेल्या पीडीएफवर काम करतो. चोरून मिळाल्यासारखं वाटतं, आणि ते मला आवडत नाही. माझं काम प्रामाणिक आहे, मग कागद चोरीचे का असावेत? यंत्र बाजारात आणलंत की नकाशाही विकायला ठेवा, मी विकत घेईन. आणि सुटे भाग किमान दहा वर्षं मिळतील असं खोक्यावर लिहा. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2021 पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी दुरुस्तीचे 10 पैकी गुण छापावे लागतात. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काच्या आराखड्यासाठी समिती नेमली. कायदा येईल तेव्हा येईल. तुम्ही त्याची वाट बघू नका.

यंत्र चांगलं असूनही टाकाऊ ठरवलं जातं, त्याचं दुःख वेगळंच आहे. जवळच्या एका गावातल्या शाळेची संगणक खोली मी सांभाळतो. तिथली यंत्रं 2016 ची. एसएसडी टाकली, रॅम 8 जीबी केली, उत्तम चालतात. पण विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. यांचा सहाव्या पिढीचा. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला, थोडी वाढीव मुदत तेवढी मिळाली. मुख्याध्यापकांनी मला विचारलं, "बिघडलंय काय यांच्यात?" काहीच बिघडलेलं नव्हतं. मी त्यांतल्या सहांवर लिनक्स घातलं, मुलं शिकताहेत. पण शिक्षकांना ज्या एकदोन प्रोग्रॅमांत काम करावं लागतं, ते तिथे चालत नाहीत. सुरक्षेसाठी नवी चिप लागते हे मी समजू शकतो. मग ज्याची त्याला कल्पना विकत घेतानाच द्या. खोक्यावर मोठ्या अक्षरांत एक वर्ष छापा: या यंत्राला अमुक सालापर्यंत अपडेट मिळतील. औषधाच्या पाकिटावर असतं तसं. आणि ते साल आलं की बायोसची कुलपं काढा, म्हणजे ज्याला जे घालायचं ते घालता येईल.

आता माझ्या दुसऱ्या टेबलाकडे या, डीटीपीच्या. लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, ग्रामसभेच्या नोटिसा, सगळं मराठीत. इथे मी दिवसभर तुमच्या यंत्राशी माझ्या भाषेत बोलायचा प्रयत्न करतो.

'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांत एकीकडे गुरुजी आहेत आणि दुसरीकडे स्वयंपाकी. मराठीत हा फरक र कसा लिहिला यावर असतो. नव्याने आलेला मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या शब्दातला हा आडवा रफार टाइप करायला दोन दिवस धडपडते, कारण कीबोर्डावर तो कुठे आहे हे छापलेलंच नाही. भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक 1986 मध्येच ठरला. इतक्या वर्षांत भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर ती अक्षरं छापलेली मला क्वचितच दिसली. मी स्टिकर लावतो, घामाने ते तीन महिन्यांत पुसतात, त्यातही 'ळ' आधी जातो. जानेवारी 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने कीबोर्डावर एआयसाठी एक स्वतंत्र कळ जाहीर केली, आणि बघता बघता ती दिसायलाही लागली. एका कळीसाठी इतक्या लवकर जागा होते, तर अक्षरांसाठीही होईल.

अक्षरांचं वळणही बघा. महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ठरवून दिला. यंत्रासोबत आलेल्या फाँटांत पुष्कळदा हिंदी वळणच समोर येतं. काही फाँटांत मराठी वळण आत असतं, पण मजकूर मराठी आहे हे प्रोग्रॅमने सांगितल्याशिवाय बाहेर येत नाही. यंत्र सुरू करताना मी भाषा मराठी निवडली, तर सगळीकडे मराठी वळण यावं. इतकं साधं मागणं आहे. आणि यंत्र बंद पडताना पडद्यावर जी सूचना येते, तीही मराठीत यावी. निळा पडदा आला की अंगणवाडीच्या ताई घाबरून फोन करतात, "भाऊ, काहीतरी इंग्रजीत आलंय, सगळं पुसलं गेलं का?" पुष्कळदा काहीच गेलेलं नसतं. पण ते त्यांना वाचता यायला हवं.

एआयला माझा विरोध नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. मे 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने एआय पीसीसाठी जी अट सांगितली, तिच्यात सेकंदाला 40 लाख कोटी क्रिया करणारी वेगळी चिप आणि किमान 16 जीबी मेमरी आहे. एवढी ताकद यंत्रात येणार असेल, तर तिला द्यायला माझ्याकडे काम तयार आहे. माझ्या कपाटात 1999 पासूनच्या सीडी आहेत. त्यांत इथल्या संस्थांच्या स्मरणिका, गावांचे इतिहास, कवितासंग्रह आहेत, सगळं जुन्या फाँटांत टाइप केलेलं. तो फाँट नसेल तर आज उघडल्यावर मराठीच्या जागी युरोपीय टिंबाटोपीची अक्षरं दिसतात. ते वाचून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येईल अशा अक्षरांत, आणून द्या. हाताने लिहिलेला जुना फेरफार वाचून दाखवा. आजीला डोळ्यांनी दिसत नाही, तिला नोटीस मोठ्याने वाचून दाखवा, आणि आमच्याकडची बोली बोलली तरी समजून घ्या. हे सगळं नेट नसताना, यंत्राच्या आतच व्हावं, कारण नेट आमच्याकडे वादळ आलं की जातं, आणि कुणाच्या जमिनीचा कागद दूरच्या सर्व्हरवर जाण्याचं कारण नाही. आणि त्यासाठी 16 जीबी लागते आणि पाच वर्षांनी 32 लागणार असेल, तर पुन्हा तोच स्लॉट आडवा येतो.

तुम्हाला जमत असेल तर एक करा. तुमच्या डिझाइन विभागातल्या एकाला मे महिन्याचे सात दिवस माझ्या दुकानात पाठवा. राहायची सोय मी करतो, जेवण घरचं. त्याने फक्त माझ्या बाजूला बसून, येईल ते यंत्र स्वतःच्या हाताने उघडायचं.

ती मुलगी आता कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी सहाला दुकानात येते आणि आठपर्यंत कोपऱ्यातल्या डेस्कटॉपवर बसते. तो मी 2012 मध्ये जोडला होता. 2 जीबी होता, मग 4 केला. तिचं सॉफ्टवेअर चालावं म्हणून मागच्या महिन्यात 16 केला. दोन पट्ट्या काढल्या, दोन बसवल्या, पाच मिनिटं लागली. दुसरी पट्टी तिने स्वतःच बसवली, टक् असा आवाज येईपर्यंत दाबून.

आपला,
वरोऱ्याचा एक संगणक दुरुस्ती करणारा